मुद्रांक शुल्कासाठी मंगलपोत गहाण का पडावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, निमित्ताने आपल्या दैनिकाने काढलेली घरांची पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. पिंप्राळा, निमखेडी, सावखेडा, मोहाडी रोड अशा जळगावच्या चारही बाजूंच्या घरांच्या जाहिराती तिच्यात आहेत. घराची किंमत सगळ्यांनी ठळक छापली आहे. कर्जाची सोय आहे, असंही बहुतेकांनी लिहिलं आहे. पण दस्तनोंदणीच्या दिवशी घेणाऱ्याजवळ स्वतःची किती रक्कम तयार असावी लागते, हे एकाही जाहिरातीत नाही. पुरवणीतल्या लेखांतही नाही. ही रक्कम माणसं कुठून उभी करतात ते मी वर्षानुवर्षं पाहत आले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं तर समजून घ्यावं.

मी जळगावच्या एका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर होते. आता निवृत्त आहे. कर्जदार दागिना काढून समोर ठेवतो. संस्थेचे सराफ कसोटीवर घासून कस बघतात, ठोक वजनातून मणी, खडे आणि दोऱ्याचं वजन वजा करून निव्वळ वजन काढतात. त्या दिवसाच्या भावाने मूल्यांकन होतं, त्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के कर्ज मिळतं आणि दागिना पाकिटात घालून सील होतो. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो. मी नोकरीला लागले तेव्हा त्या रकान्यात ठरलेली कारणं असायची. मृगाच्या आधी कपाशीचं बियाणं आणि खत, मग दवाखाना, जूनमध्ये मुलांच्या फिया, उन्हाळ्यात लग्न. पुढे पुढे त्यांच्यात आणखी एका कारणाची भर पडली आणि ते वाढतच गेलं. माणसं सांगायची, ‘स्टॅम्पसाठी पाहिजे.’ म्हणजे घराच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क भरायला.

ही माणसं अडाणी नव्हती आणि उधळीही नव्हती. बँकेचं कर्ज मंजूर झालेलं असायचं, मंजुरीपत्र पिशवीत असायचं. घराच्या किमतीतला स्वतःचा हिस्सा त्यांनी भिशी, आवर्त ठेव, भविष्यनिर्वाह निधीतली उचल असं करून बिल्डरला देऊनही टाकलेला असायचा. आणि मग दस्ताच्या दोन-चार दिवस आधी कोणीतरी त्यांना चलनाचा, म्हणजे सरकारात भरायच्या रकमेचा, आकडा सांगायचं. तो आकडा घेऊन ते आमच्याकडे यायचे.

एक जोडपं माझ्या कायमचं लक्षात राहिलं आहे. नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशीनवर, बायको घरी पापड, कुरडया, बिबड्या करून विकणारी. पिंप्राळ्याकडे बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत त्यांनी ३० लाखांचा फ्लॅट ठरवला होता. बँकेने जास्तीत जास्त म्हणजे २७ लाख मंजूर केले होते. वरचे तीन लाख त्यांनी जमवले होते आणि आता घर झालं असं ते धरून चालले होते. मग हिशेब आला. मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे दीड लाख. महापालिका हद्द म्हणून त्यावर १ टक्का अधिभार, ३० हजार. नोंदणी फी १ टक्का, आणखी ३० हजार. इमारत पूर्ण झालेली नव्हती, म्हणून जीएसटी. घर ४५ लाखांच्या आतलं आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या (कार्पेट एरियाच्या) आतलं असल्याने तो १ टक्काच लागला, नाहीतर ५ टक्के लागला असता. तेही ३० हजार. एकूण दोन लाख चाळीस हजार. यात वकिलाची फी नाही, बँकेची प्रोसेसिंग फी नाही, मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या सर्च रिपोर्टचा खर्च नाही. कर्जासाठी हक्काची कागदपत्रं बँकेकडे ठेवतात, त्यावर वेगळं मुद्रांक शुल्क लागतं आणि त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सूचना) ३० दिवसांच्या आत दाखल करावी लागते, तिची फी वेगळी. वीज मीटर, सोसायटीची अनामत, देखभालीचे आगाऊ पैसे हे बिल्डरच्या यादीत पुढे होतेच. म्हणजे ज्यांनी तीन लाखांची तयारी केली होती त्यांना साडेपाच लाखांच्या वर लागत होते.

त्या बाईने गळ्यातली मंगलपोत काढली, हातातल्या पाटल्या काढल्या आणि मला म्हणाली, “ताई, आते काय करानं?” पाकिटावर सही करताना तिला आधी गळा झाकून घ्यावासा वाटला, हे मी पाहिलं. आपल्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते ती अंगावर होतं नव्हतं ते लेवून येते. त्या वर्षी ती माहेरी गेली की नाही, हे मला विचारवलं नाही.

त्यांनी कर्ज फेडलं, हे आधी सांगते. वेळ लागला. दोनदा नूतनीकरण करावं लागलं, पण दागिने सुटले. सगळ्यांचे सुटत नाहीत. नव्या घराचा हप्ता सुरू झालेला असतो, ताबा मिळालेला नसतो म्हणून जुन्या घराचं भाडंही चालूच असतं आणि तिसरा बोजा सोनेतारणाच्या व्याजाचा. हे व्याज गृहकर्जाच्या व्याजापेक्षा चार-पाच टक्क्यांनी जास्त असतं. ज्या घरात दोन माणसं कमावती आहेत ती तग धरतात. एकाचं काम सुटलं की सोनेतारणाचा हप्ता पहिला थकतो, कारण घराचा हप्ता थकला तर घर जाईल ही भीती मोठी. मग नोटीस, मग लिलाव. लिलावाच्या नोटिसा टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून तर एकदा हातातून गेलेली पोत तशीच परत करणं कष्टकरी घराला जमत नाही. भाव वाढला म्हणून कमी वजनावर जास्त कर्ज मिळतं खरं, पण घराला सावरणारी वस्तू तीच एक असते.

आता कोणी म्हणेल, बँकेकडूनच जास्त कर्ज का घेत नाहीत? घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम देता येते. आणि ही टक्केवारी काढताना घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि कागदपत्रांचा खर्च धरायचा नाही, हे २०१२ पासून ठरलेलं आहे. बँकांनी घराच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त कर्ज वाटू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. कर्ज देणाऱ्या संस्थेत आयुष्य गेल्यामुळे तो मला चांगलाच कळतो. पण रिझर्व्ह बँकेलाच २०१५ मध्ये वाटलं की छोट्या घरांना थोडी सवलत हवी. त्या वर्षी मार्चमध्ये तिने परिपत्रक काढून सांगितलं की घराची किंमत १० लाखांच्या आत असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च किमतीत मिळवून कर्ज देता येईल. फार चांगला निर्णय होता तो. पण १० लाखांची रेषा तेव्हाची. आज जळगाव शहरात दहा लाखांत बांधलेलं घर शोधून दाखवा. सवलत कागदावर आहे आणि ती ज्यांच्यासाठी काढली ती सगळी माणसं रेषेच्या पलीकडे गेली आहेत. ती रेषा निदान ३५ लाखांवर न्यावी, ही माझी पहिली मागणी आहे. ३५ लाख हा आकडा मी मनाने काढलेला नाही. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये व्याज अनुदानासाठी घराच्या किमतीची मर्यादा सरकारने तेवढीच ठेवली आहे. एका सरकारी कागदावर ३५ लाखांचं घर गरजू माणसाचं असेल, तर दुसऱ्या कागदावरही ते तसंच असायला हवं.

याच योजनेत आणखी एक गोष्ट मला फार लागली. वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तिच्यात जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं अनुदान मिळतं. ते वर्षाला एक असं पाच हप्त्यांत मिळतं. आणि ३० लाखांच्या घरावर आपल्या महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून होतात बरोबर १ लाख ८० हजार. ते मात्र एका चलनात, एका दिवशी भरायचे, तेही घराचा ताबा मिळायच्या आधी. देताना पाच वर्षं आणि घेताना एक दिवस. केंद्राचं अनुदान वेगळं आणि राज्याचा कर वेगळा, हे मला समजतं. पण जी बाई पाटल्या काढून टेबलावर ठेवते तिच्यासाठी दोन्ही सरकारच असतात.

बांधकाम सुरू असलेल्या घराचा करारनामा नोंदवताना पूर्ण मुद्रांक शुल्क भरावं लागतं. नंतर खरेदीखताला फार लागत नाही, हे खरं. पण इमारत उभी राहायला दोन-तीन वर्षं लागतात, बँकसुद्धा बांधकाम जसं वर जाईल तसे पैसे सोडते, मग मुद्रांक शुल्कच तेवढं पायाभरणीच्या वेळी सगळं का? निम्मं करारनाम्याला आणि निम्मं ताब्याच्या वेळी घेतलं तर सरकारचा रुपयाही बुडत नाही. दुसरा भाग भरल्याशिवाय ताबा द्यायचा नाही, अशी अट घालावी. हे करायला अवघड आहे असं मला वाटत नाही. सगळी चलनं आता ऑनलाइनच निघतात आणि दस्ताचा क्रमांक संगणकात असतो.

आता बायकांच्या नावावरच्या सवलतीबद्दल. राज्य सरकारने १ एप्रिल २०२१ पासून घर महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट दिली. आधी अशी अट होती की त्या महिलेने पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली, तेही बरं झालं. पण ही सूट फक्त महिलेच्या किंवा महिलांच्याच नावावर घर असेल तर मिळते. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर एक पैसाही सूट नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत नेमकं इथेच अडायचं. घर एकट्या बायकोच्या नावावर करायला नवरा तयार असला तरी त्याचे वडील, भाऊ तयार नसतात. शिवाय नवरा मालक नसेल तर तो हप्ते भरत असूनही त्याला आयकरात गृहकर्जाची वजावट मागता येत नाही, म्हणून कर सल्लागारही दोघांची नावं घाला म्हणतो. मग शेवटी काय होतं? तीस हजारांची सूट नाही म्हटल्यावर दोघांची नावं घालण्याचाही आग्रह सुटतो, आणि घर एकट्या नवऱ्याच्या नावावर होतं. सोन्याच्या पाकिटावर बायकोची सही असते आणि नोंदणी झालेल्या खरेदीच्या उताऱ्यावर, म्हणजे सूची क्रमांक दोनवर, नवऱ्याचं नाव असतं. हे दोन्ही कागद मी एकाच पिशवीत पाहिलेले आहेत. एका नाही, कितीतरी पिशव्यांत.

दिल्लीत महिलेला पुरुषापेक्षा कमी आणि दोघांच्या नावावर असेल तर या दोन्हींच्या मधला दर आहे. आवास योजनेतही घर पत्नीच्या किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावावर चालतं. मग महाराष्ट्रालाच संयुक्त नावाचं वावडं का असावं? पती-पत्नीच्या घराला अर्धा टक्का सूट दिली तरी किती बायकांचं नाव दस्तावर येईल, याचा विचार आपल्या खान्देशातल्या आमदारांनी करावा. ज्या बाईचं नाव दस्तावर असतं तिला उद्या नवरा वारला तर दिरांच्या दारात उभं राहावं लागत नाही. ते उभं राहणं मी माझ्या बहिणीच्या बाबतीत पाहिलं आहे, त्यापेक्षा जास्त त्याविषयी लिहीत नाही.

त्या १ टक्का अधिभाराबद्दलही मला लिहायचं आहे. जकात गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला, तेव्हा महापालिकांच्या तिजोरीसाठी मालमत्तेच्या खरेदीवर हा अधिभार लागला. व्यापाऱ्यांनी आंदोलनं केली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो विषयच संपला. घर घेणाऱ्याचा अधिभार मात्र तसाच राहिला. घर घेणाऱ्यांची संघटना नसते. माणूस आयुष्यात एकदा घर घेतो, एकदा भरडला जातो आणि पुन्हा त्या खिडकीकडे जात नाही, म्हणून त्याच्या वतीने कोणी बोलत नाही. अधिभार एकदम रद्द करा असं मी म्हणत नाही, शहराला पैसा लागतो. पण आपल्या शहरातल्या घरांवर दर वर्षी हा अधिभार किती जमा झाला आणि त्यातून काय झालं, एवढं तरी नागरिकांना कळावं.

नोंदणी फीचंही असंच. ती १ टक्का आहे, पण कमाल ३० हजार. म्हणजे ३० लाखांच्या घराला ३० हजार आणि २ कोटींच्या बंगल्यालाही ३० हजार. पहिल्याला पूर्ण एक टक्का पडतो आणि दुसऱ्याला ०.१५ टक्के. ही मर्यादा वरच्यांना सांभाळते. खालच्यांसाठी, पहिलंच घर घेणाऱ्यांसाठी, तशी काही पायरी असायला नको का? मुद्रांक शुल्कालाही पायऱ्या नाहीत. पहिलं घर घेणारा चटई कामगार आणि पाचवं घर गुंतवणूक म्हणून घेणारा माणूस एकाच दराने भरतात. २०२४ च्या जुलैच्या अर्थसंकल्पात केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यांना सांगितलं होतं की मुद्रांक शुल्काचे दर जास्त असतील तर ते कमी करा आणि महिलांच्या खरेदीवर आणखी कमी करा. कमी केलं तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. करोनाच्या वर्षी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढचे तीन महिने दोन टक्क्यांनी कमी होतं. डिसेंबर संपताना नोंदणी कार्यालयांत उभं राहायला जागा नव्हती. आमच्या टेबलावर त्या काळात ‘स्टॅम्पसाठी’ म्हणून येणाऱ्यांची गरज छोटी असायची. पोत घरी राहायची आणि नुसत्या कानातल्यांवर भागायचं.

जुन्या घरांची गोष्ट वेगळी आणि काही बाबतींत जास्त कठीण आहे. तिथे जीएसटी नाही, पण सरकारी मूल्यांकन आड येतं. मुद्रांक शुल्क खरेदीची किंमत आणि सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातली (रेडी रेकनरमधली) किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. गावठाणातल्या अरुंद गल्लीतलं, कौल गळणारं घर तुम्ही २४ लाखांना ठरवलं आणि तक्त्याप्रमाणे ते २७ लाखांचं निघालं, तर शुल्क २७ लाखांवर. वर सरकारी किंमत तुमच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असल्याने तो तीन लाखांचा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून आयकर मागितला जाऊ शकतो. मिळाले नाहीत त्या पैशांवर कर. हे तक्ते तीन वर्षं स्थिर ठेवल्यानंतर १ एप्रिल २०२५ ला वाढवले, राज्याची सरासरी वाढ ३.८९ टक्के होती. तक्त्यातली किंमत चुकीची वाटत असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो आणि ते खरं मूल्य ठरवून देतात. पण हे सांगतं कोण? विकणाऱ्याला घाई असते, मध्यस्थाला दलाली हवी असते, आणि घेणारा दस्तलेखकाच्या टेबलाशी पहिल्यांदाच बसलेला असतो.

या सगळ्या खर्चाला भिऊन काही माणसं दस्तच करत नाहीत, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. शंभर रुपयांच्या आणि आता पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे सौदा लिहायचा, पैसे द्यायचे आणि राहायला जायचं. माझ्या ओळखीच्या एका घराने असंच केलं. विकणारा भला माणूस होता, त्याने कधी त्रास दिला नाही. तो वारल्यावर त्याची मुलं आली आणि म्हणाली, वडिलांनी भाड्याने दिलं होतं. नोंदणी कायदा १९०८ चा आहे, शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकली तर दस्त नोंदवावाच लागतो, हे त्यांना कोर्टात वकिलाने सांगितलं. सरकारने २०२३ च्या डिसेंबरपासून मुद्रांक शुल्क अभय योजना आणली, १९८० ते २०२० पर्यंतच्या कमी मुद्रांकाच्या कागदांसाठी. अशी योजना आणावी लागते यातच कळतं की किती घरांच्या पेटीत असे अर्धवट कागद पडून आहेत. कर जितका एकरकमी आणि जड, तितके हे कागद वाढणार. म्हणून मी वाचकांना हात जोडून सांगते की सोनं मोडा, नातेवाइकांकडून उसने घ्या, घर लहान घ्या, वर्षभर थांबा, पण दस्त नोंदवल्याशिवाय पैसे देऊ नका. नव्या इमारतीत तर घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या रेरा कायद्याचं १३ वं कलमच आहे की करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. इसार देण्याआधीच बिल्डरकडून सगळ्या रकमांची यादी लेखी मागा. मुद्रांक, अधिभार, नोंदणी, जीएसटी, पार्किंग, वीज मीटर, सोसायटी, देखभाल, वकील. जो लेखी देत नाही त्याच्याकडे बुकिंग करू नका. आणि बँकेत जाल तेव्हा किती कर्ज मिळेल हे विचारून थांबू नका. कोणत्या खर्चाला मिळणार नाही, तेही विचारा.

संपादक साहेब, आता आपल्याकडे विनंती. दिवाळीला पुन्हा पुरवणी निघेल. तिच्यात जाहिराती आपण नाकारू शकत नाही, ते मी समजते, पण प्रत्येक प्रकल्पाच्या किमतीखाली ‘दस्ताच्या दिवशी लागणारी अंदाजे एकूण रक्कम’ अशी एक ओळ छापायला जाहिरातदारांना सांगता येईल. ते नाही म्हणाले तर पुरवणीतला एक रकाना आपण स्वतः त्यासाठी ठेवा. जळगाव आणि धुळ्यासारख्या महापालिका, भुसावळ, चाळीसगाव, नंदुरबारसारख्या नगरपालिका आणि ग्रामपंचायत हद्द, तिन्हींचे चालू दर नोंदणी कार्यालयातून घेऊन शेजारी शेजारी छापा. लोक ते कात्रण जपून ठेवतील. जळगाव महापालिका हद्दीतल्या ३० लाखांच्या नव्या घराचा पूर्ण हिशेब मी एका कागदावर मांडून सोबत जोडला आहे. एका रकान्यात पुरुषाच्या नावाने, दुसऱ्यात महिलेच्या नावाने. तो एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि योग्य वाटल्यास या पत्राबरोबर छापावा.

आपली वाचक,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी,
जळगाव